फॉक्स मस्टँगचा मागचा एक्सल: ट्रॅक्शन-लॉक, ट्रूट्रॅक, डेट्रॉइट लॉकर की थेट नऊ इंची?

२८ स्प्लाइनचा (म्हणजे टोकावर २८ उभे दात कोरलेला) एक्सल शाफ्ट दर वेळी एका झटक्यात तुटतो असं नाही. बाहेर ओढून पुसून पाहिला, की डिफरन्शियलकडच्या (दोन्ही चाकांना ताकद वाटून वळताना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरसंचाकडच्या) टोकाच्या स्प्लाइन सरळ राहिलेल्या नसतात. सुंभाला असतो तसा त्यांना पीळ बसलेला असतो. गाडी चालत असते, आवाज नसतो, गळती नसते. पण पीळ दिसला की तो शाफ्ट संपला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसा लोखंडाचा हा पीळही परत सरळ होत नाही.

फोर्डने फॉक्स मस्टँगला (१९७९ ते १९९३ ची पिढी) ८.८ इंची मागचा एक्सल १९८६ मध्ये दिला; हा आकडा आतल्या मोठ्या गिअरच्या, म्हणजे क्राउनच्या, व्यासाचा. १९८७ च्या पाच लिटर व्ही-८ ची ताकद होती २२५ हॉर्सपॉवर, आणि तेवढ्याला हा एक्सल भरपूर होता. आज त्याच गाड्यांवर टर्बो किंवा सुपरचार्जर चढवून चाकांवर ५००–६०० हॉर्सपॉवर काढणारे ढिगाने आहेत, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: "एवढ्या हॉर्सपॉवरला कोणता डिफरन्शियल?" प्रश्नातच गफलत आहे. डिफरन्शियलला हॉर्सपॉवर कळत नाही. टायरने जमीन किती घट्ट धरली आणि क्लच किती निर्दयपणे सोडला, एवढंच त्याला कळतं.

हिशेब करून पाहू. चालकासह गाडी १५०० किलो, इंजिनचा टॉर्क ६१० न्यूटन-मीटर (४५० फूट-पाउंड), टीकेओ-६०० गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.८७, एक्सलचा रेशो ३.७३. तिन्हींचा गुणाकार साधारण ६५०० न्यूटन-मीटर. हा इंजिन देऊ शकणारा आकडा. टायर पेलू शकणारा आकडा वेगळा निघतो. उभ्या गाडीचं ४३ टक्के वजन मागे धरा, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर, व्हीलबेस २.५५ मीटर. रस्त्याच्या साध्या टायरची पकड ०.९ धरली, तर सुटताना मागे सरकणारं वजन जमेस धरूनही दोन्ही चाकं मिळून जेमतेम २२७५ न्यूटन-मीटर झेलतात, त्यापुढे ती जागेवर फिरतात. ड्रॅग रेडियलची (रस्त्यावरही चालणाऱ्या मऊ शर्यती टायरची) पकड १.६ धरली, तर आकडा ४८५० च्या आसपास जातो. तापवलेल्या स्लिकची (नक्षी नसलेल्या शर्यती टायरची) २ धरली तर ६८५०, म्हणजे इंजिनच्या आकड्याच्याही पुढे.

याचा अर्थ ६०० घोड्यांची गाडी साध्या टायरवर एक्सलला जेवढा त्रास देते, त्याहून जास्त त्रास ३५० घोड्यांची गाडी स्लिकवर देते. क्लच एकदम सोडला की फ्लायव्हीलमध्ये साठलेला जोर वरून आदळतो, तो या हिशेबात धरलेलाच नाही. ऑटोमॅटिकचा टॉर्क कन्व्हर्टर सुरुवातीला टॉर्क दुपटीच्या आसपास नेतो खरा, पण घाव मऊ करून घालतो. म्हणून तेवढ्याच ताकदीला ऑटोमॅटिक गाड्यांचे एक्सल जास्त टिकतात.

साध्या टायरवर एक्सल तुटतो तो बहुतेकदा व्हील हॉपमुळे. टायर धरतो, सुटतो, पुन्हा धरतो, सेकंदाला कित्येक वेळा, आणि प्रत्येक वेळी शाफ्टवर हातोडा बसतो. अशा वेळी नवा डिफरन्शियल घेणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. आधी मागच्या कंट्रोल आर्मची झिजलेली रबरी बुश बदला, फॉक्सच्या तळाशी आर्म जिथे अडकतात ते टॉर्क बॉक्स फाटलेत का पाहा (वेल्डिंगचे टाके सुटून पत्रा पाकळीसारखा उघडलेला दिसतो), शॉक तपासा. नंतर डिफरन्शियलकडे या.

शाफ्टची जाडी

या एक्सलमध्ये दाताची माप-पद्धत अशी आहे की स्प्लाइनची संख्या अधिक एक, भागिले २४ केलं की बाहेरचा व्यास इंचात मिळतो. २८ स्प्लाइन म्हणजे १.२१ इंच, ३१ म्हणजे १.३३, ३५ म्हणजे १.५, ४० म्हणजे १.७१. पिळाला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे २८ वरून ३१ वर गेलात की त्याच धातूत साधारण तिसरा हिस्सा ताकद वाढते, आणि ३१ वरून ३५ वर गेलात की आणखी चाळीस-पंचेचाळीस टक्के. दिसायला फरक केसाएवढा, कामाला मोठा.

मात्र ३१ स्प्लाइनचा शाफ्ट एकटा घेऊन भागत नाही. डिफरन्शियलमधले साइड गिअर ३१ चेच लागतात, म्हणजे डिफरन्शियलही बदलावा लागतो. म्हणून २८ स्प्लाइनचा महागडा लिमिटेड स्लिप (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारा डिफरन्शियल) घेऊन ठेवणं हा या खरेदीतला सगळ्यात खर्चिक चुकीचा निर्णय. ड्रॅग रेडियल लावायचा विचार पुढेमागेही मनात असेल, तर पहिल्याच फेरीत ३१ घ्या.

ट्रॅक्शन-लॉक: घरचंच, पण दुर्लक्षित

फोर्डचा मूळ लिमिटेड स्लिप. दोन्ही बाजूंना क्लच प्लेटचा गठ्ठा, मध्ये इंग्रजी एस आकाराची स्प्रिंग. प्लेटा झिजल्या की गाडी एकाच चाकाचा काळा पट्टा सोडू लागते, आणि लोक "हा डिफरन्शियल भंगार" म्हणून मोकळे होतात. वास्तविक नव्या प्लेटा घातल्या की तो पुन्हा नीट धरतो. या दुरुस्तीसाठी कॅरिअर (डिफरन्शियलचे गिअर धरणारी पेटी) हाउसिंगमधून, म्हणजे एक्सलच्या बाहेरच्या कवचातून, काढावाही लागत नाही. मागचं कव्हर उघडा, क्रॉस पिन (मधल्या छोट्या गिअरांतून जाणारा दांडा) काढा, शाफ्ट आत ढकलून त्याला आतून धरणारी सी-क्लिप काढा, शाफ्ट बाहेर, मग एस-स्प्रिंग. ती ताणाखाली बसलेली असते आणि गोळीसारखी सुटते. डोळ्यांवर चष्मा आणि समोर कोणी नको. नव्या प्लेटा घालण्याआधी फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटांचं घर्षण मऊ करणारं द्रव्य) मिसळलेल्या तेलात अर्धा तास तरी बुडवून ठेवा. कोरड्या घातल्या तर पहिल्याच वळणांत जळतात.

क्रॉस पिन जागेवर धरणारा छोटा बोल्ट हे ८.८ चं नावाजलेलं दुखणं. जुना काढताना तो आतच तुटतो आणि पाच मिनिटांचं काम दुपारभर चालतं. गरम करून, हळू मागेपुढे करत काढायचा. परत बसवताना नवाच, थ्रेडलॉक लावून.

वळताना मागून घरघर आणि थरथर येते तेव्हा बहुधा फ्रिक्शन मॉडिफायर कमी पडलेला असतो. तेल साधारण पावणेदोन लिटर, त्यात ४ औंस (११८ मिली) मॉडिफायर. आवाजाच्या भीतीने दुप्पट ओतू नका, प्लेटा घसरतात.

३१ स्प्लाइनचा, कार्बन प्लेटांचा ट्रॅक्शन-लॉक ही या यादीतली सगळ्यात कमी बोलली जाणारी आणि सगळ्यात वाजवी खरेदी आहे. रोज चालणारी, महिन्यातून एकदा ड्रॅग स्ट्रिपवर जाणारी, ४५०–५०० घोड्यांची गाडी असेल तर यापुढे जायचं फारसं कारण नाही. दोष एकच: प्लेटा झिजणार, आणि केव्हातरी पुन्हा कव्हर उघडावं लागणार.

ईटन ट्रूट्रॅक: रस्त्यावरचा राजा, एका अटीवर

यात प्लेटा नाहीत. तिरक्या दातांच्या छोट्या गिअरांच्या जोड्या कॅरिअरच्या खोबणीत बसलेल्या असतात. टॉर्क आला की त्या खोबणीच्या भिंतींवर आणि एकमेकांवर दाबल्या जातात, आणि त्या घर्षणातूनच पकड असलेल्या चाकाकडे जास्त टॉर्क जातो. चालवताना काही जाणवत नाही. वळणात आवाज नाही, धक्का नाही, झिजून बदलायच्या प्लेटा नाहीत. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की गाडीचं मागचं टोक ज्या शांतपणे पुढे ढकलतं, ते क्लच प्लेटवाल्याला जमत नाही.

अट अशी की हा गुणाकारावर चालतो. कमी पकडीचं चाक जेवढं झेलतं, त्याच्या ठरावीक पटीत दुसऱ्याला मिळतं. एक चाक हवेत गेलं तर शून्याची पट शून्यच. अशा वेळी हँडब्रेक किंवा ब्रेक हलका ओढला की शून्याच्या जागी काहीतरी येतं आणि दुसरं चाक जागं होतं. सरळ एक्सलच्या गाडीत जोरात सुटताना कार्डन शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याचा) पीळ मागचं उजवं चाक उचलू पाहतो. सस्पेन्शन नीट असेल तर चाक हलकं होतं, उचललं जात नाही, आणि ट्रूट्रॅक आपलं काम करतो. पण स्लिक लावून, क्लच टाकून, पुढची चाकं उचलणाऱ्या गाडीत हा घालू नये. गिअर कॅरिअरला आतून बाहेर ढकलत असतात, आणि वारंवारच्या घावांनी कॅरिअरच पसरतो. ते त्याचं कामच नाही.

तेलाबाबत एक गोष्ट दहापैकी आठ जण चुकवतात. ट्रूट्रॅकला फ्रिक्शन मॉडिफायर घालायचा नाही, आणि ईटनची शिफारस साध्या खनिज जीएल-५ दर्जाच्या गिअर तेलाची आहे, सिंथेटिकची नाही. ज्या घर्षणावर त्याचं सगळं काम चालतं, तेच निसरडं तेल घालून कमी करायचं आणि मग "धरत नाही" म्हणायचं, हा प्रकार फार दिसतो.

टॉर्सन टी-२आर याच घराण्यातला, पट जास्त असलेला, सर्किटवर पळवणाऱ्यांसाठी. फोर्डने २०१२–१३ च्या बॉस ३०२ लगुना सेकात टॉर्सनच दिला होता. वेव्हट्रॅकमध्ये दोन साइड गिअरांच्या मध्ये लाटेच्या आकाराचा भाग असतो, तो चाक हलकं झालं की गिअरांवर थोडा दाब आणतो, म्हणजे शून्याची अडचण बरीच सुटते. पैसे जास्त पडतात. सर्किटवर कर्बवर चाक उचलणारी गाडी असेल तर ते वसूल होतात, एरवी नाही.

डेट्रॉइट लॉकर

हा लिमिटेड स्लिप नव्हे. दोन्ही बाजूंना दात असलेल्या चकत्या मधल्या चकतीत अडकलेल्या. सरळ जाताना दोन्ही चाकं घट्ट बांधलेली, वळणात बाहेरचं चाक जास्त पळू लागलं की त्याचे दात वर चढून सुटतात आणि वेग जुळला की परत बसतात. पार्किंगमध्ये हळू वळताना मागून "टिक-टिक-टिक-ठक्" असा आवाज येतो, बाजूची माणसं गाडीखाली वाकून बघतात. तो आवाज म्हणजे बिघाड नाही.

बिघाड वेगळ्याच गोष्टीचा होतो. वळणात ॲक्सिलरेटर दाबला की जोर आतल्या चाकावर जातो आणि गाडी सरळ निघू पाहते. पाय काढला की पुन्हा दुसऱ्याच बाजूला ओढते. ओल्या रस्त्यावर, छोट्या व्हीलबेसच्या गाडीत, हे अंगावर येतं. शाफ्टचं म्हणाल तर एका चाकाची पकड सुटली की सगळा टॉर्क दुसऱ्या एकाच शाफ्टवर. आपल्या हिशेबातले ६५०० अर्धे-अर्धे वाटले जाणार होते, ते एकट्यावर आले. म्हणून डेट्रॉइट लॉकर २८ स्प्लाइनच्या शाफ्टवर घालणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तो ३१ किंवा ३५ बरोबरच शोभतो. तिथे मात्र तो वर्षानुवर्षं मार खातो. नॅसकारच्या गाड्या २०२२ मध्ये ट्रान्सॲक्सलवर (गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत) जाईपर्यंत नऊ इंची घराण्याच्या एक्सलवर पळत होत्या, आणि त्या जगात हा लॉकर चांगला रुळलेला होता.

भारतातल्या थारमध्ये ईटनचाच जो मेकॅनिकल लॉकर येतो, त्याच्याशी याची गल्लत करू नका. तो दोन चाकांच्या वेगात सुमारे १०० आरपीएमचा फरक पडला की लागतो, आणि ताशी ३२ किलोमीटरच्या वर लागतच नाही. चिखलातून बाहेर काढायला तो झकास. ड्रॅग स्ट्रिपवर तो लागेपर्यंत शर्यत सुरू होऊन गेलेली असते.

स्पूल

डिफरन्शियलच नाही, दोन्ही शाफ्ट एकाच ठोकळ्यात. हलका, स्वस्त, न तुटणारा, आणि फक्त सरळ रेषेत जाणाऱ्या गाडीसाठी. रस्त्यावर वळणागणिक टायर घासतात आणि शाफ्टला पीळ बसत राहतो. जुन्या ओपन (लिमिटेड स्लिप नसलेल्या) कॅरिअरमध्ये गिअरांच्या जागी घालायचा मिनी-स्पूल तर घेऊच नका: पैसे वाचतात, पण सगळा भार त्याच जुन्या कॅरिअरवर पडतो आणि तो फुटला की क्राउन आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर, पिनियन, हेही घेऊन जातो.

सी-क्लिप आणि हाउसिंग

८.८ मध्ये शाफ्ट आतल्या टोकाला एका चपट्या सी आकाराच्या क्लिपने अडकवलेला असतो. शाफ्ट त्या क्लिपच्या बाहेर कुठेही तुटला तर चाक, शाफ्टचा तुकडा आणि ब्रेक ड्रम सगळंच बाहेर निघतं. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर थोडा तरी धरून ठेवतो, ड्रममध्ये तेवढंही नाही. म्हणूनच अमेरिकेच्या एनएचआरए या ड्रॅग शर्यतींच्या संस्थेच्या नियमात १०.९९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळात पाव मैल कापणाऱ्या गाडीला बदललेले शाफ्ट आणि ते वेगळ्या पद्धतीने अडकवणं सक्तीचं आहे.

बाजारात सी-क्लिप एलिमिनेटरचं किट मिळतं: क्लिप काढून टाकायची, शाफ्टवर बेअरिंग दाबून बसवायचं आणि बाहेरून प्लेटने धरायचं. ड्रॅग स्ट्रिपला चालतं. रस्त्यावर वळणांचा आडवा भार आला की त्याच्या ओ-रिंगमधून तेल ब्रेकवर झिरपतं. कायमचा उपाय म्हणजे हाउसिंगची टोकं कापून नऊ इंची एक्सलची टोकं वेल्ड करणं. हे जिगवर केलं तरच टोकं एका रेषेत येतात. डोळ्यांच्या अंदाजाने केलं तर बेअरिंग महिन्यात ओरडतात.

हाउसिंगचा मधला भाग ओतीव लोखंडाचा, नळ्या पोलादाच्या, दाबून घुसवलेल्या आणि मोजक्या ठिकाणी प्लग वेल्ड केलेल्या. जोरदार सुटताना मधला भाग फिरू पाहतो आणि नळ्या त्यातच घसरतात. नळीच्या कडेला रंगाची रेघ मारून ठेवा. ती तुटलेली दिसली की नळी फिरली. नळ्या पूर्ण गोल वेल्ड करणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम. ओतीव लोखंड आधी तापवा, निकेलचा रॉड वापरा, थोडं-थोडं समोरासमोर वेल्ड करा आणि हळू थंड होऊ द्या. घाईत एका दमात फिरवलं तर वेल्डच्या कडेला चीर पडते किंवा नळ्या वाकतात.

ज्याचे बोल्ट आतून बेअरिंग कॅपला टेकतात, असं जाड ॲल्युमिनियम कव्हर उपयोगाचं आहे. भाराखाली क्राउन पिनियनपासून दूर सरकतो, दात टोकाशीच चावतात आणि मग तुटतात. कव्हर ती हालचाल कमी करतं. चकाकीसाठी घेऊ नका. आणि ते टेकणारे बोल्ट ताकदीने आवळू नका, नुसते टेकवून लॉकनट घट्ट करायचा. जास्त आवळले तर कॅप वाकून बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब) बिघडतो.

अमेरिकेत, विशेषतः मिशिगन-ओहायोच्या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी मंडळींना एक सोय आहे. भंगारातल्या १९९५ ते २००१ च्या फोर्ड एक्सप्लोररच्या खाली ८.८ च असतो, पण ३१ स्प्लाइन, जाड नळ्या आणि डिस्क ब्रेकसह. त्यावर पत्र्याची छोटी पट्टी असते. "३एल७३" वाचता आलं तर रेशो ३.७३ आणि लिमिटेड स्लिप. मध्ये "एल" नसेल तर ओपन. अडचण अशी की त्याच्या दोन नळ्यांची लांबी सारखी नसते आणि फॉक्सचे कंट्रोल आर्मचे कान त्यावर नसतात. वेल्डर ओळखीचा असेल तरच या वाटेला जा.

नऊ इंची, आणि बाकीचे

फोर्डने नऊ इंची एक्सल १९५७ ते १९८६ पर्यंत बनवला, आणि बंद झाल्यावर त्याचा बाजार उलट वाढला. आज त्याचा प्रत्येक भाग नवा मिळतो. कारण रचनेत आहे. पिनियन दोन बेअरिंगवर लटकत नाही, त्याच्या नाकाशी तिसरं बेअरिंग आहे, म्हणून भाराखाली तो वाकत नाही. पिनियन क्राउनच्या मध्यापासून सव्वादोन इंच खाली आहे, त्यामुळे दात जास्त लांबीवर एकमेकांना भिडतात. आणि सगळा मधला भाग पुढून एकसंध बाहेर येतो: बाकावर नीट मोजून सेट करायचा, गाडीत बोल्ट करायचा. दोन रेशोंचे दोन मधले भाग तयार ठेवले तर रेशो बदलणं तासाभराचं काम.

त्याची किंमत दुसऱ्या खिशातून जाते. दात जास्त घासतात म्हणजे उष्णता जास्त, म्हणजे थोडी ताकद तेल तापवण्यात जाते. वजनही ८.८ पेक्षा जास्त. आणि "नऊ इंची आहे" एवढ्यावर विश्वास ठेवू नका: जुन्या गाडीतून काढलेला साधा करड्या लोखंडाचा मधला भाग आणि ज्याच्यावर "एन" अक्षर आहे तो नोड्युलर लोखंडाचा भाग, यांत जमीन-अस्मानाचा फरक. जुना घेऊन ३५ स्प्लाइन, मोठ्या बेअरिंगचा डेटोना पिनियन सपोर्ट आणि नवी केस, हे सगळं जोडत बसण्यापेक्षा पूर्ण नवा घेतलेला शेवटी स्वस्त पडतो.

शेव्हर्लेच्या गाड्यांना १२ बोल्ट एक्सल (१९६५ ते १९७२) चांगला. क्राउन ८⅞ इंची, पिनियन दीडच इंच खाली, म्हणून नऊ इंचीपेक्षा कमी ताकद खातो. घेताना कॅरिअर ३ सिरीजचा की ४ सिरीजचा हे पाहा, ३.७३ चा क्राउन ४ सिरीजच्या कॅरिअरवर नीट बसणार नाही. आणि त्याच्या क्राउनच्या बोल्टांचे आटे उलटे असतात, हे विसरून पाना लावला की बोल्टाचं डोकं हातात. डेना ६०, पावणेदहा इंची क्राउनचा, जवळपास अमर आहे. फॉक्ससारख्या हलक्या गाडीखाली तो घालणं म्हणजे स्कूटरला ट्रॅक्टरचा एक्सल.

रेशो

३.७३ म्हणजे ४१ आणि ११ दात, ४.१० म्हणजे ४१ आणि १०. आकडा वाढला की पिनियनवरचे दात कमी होतात आणि पिनियन बारीक होतो. भरपूर टॉर्कच्या टर्बो गाडीला ४.१० ची गरजच नसते. पहिला गिअर नुसता टायर जाळण्यात जातो. ३.५५ (३९ आणि ११) किंवा ३.७३ पुरे. २६ इंची टायर आणि ०.६४ चा पाचवा गिअर धरला, तर ताशी १०० ला ३.५५ वर इंजिन साधारण १८२५ आरपीएमवर, ३.७३ वर १९१५, ४.१० वर २१०५. ८.८ ला सगळ्या रेशोंना एकच कॅरिअर चालतो, ही त्याची मोठी सोय.

बसवणं

उत्तम डिफरन्शियल वाईट बसवला तर ८०० किलोमीटरात ओरडतो. ८.८ साठी फोर्डची मापं अशी: बॅकलॅश (क्राउन-पिनियनच्या दातांमधली मोकळीक) ०.००८ ते ०.०१५ इंच, बाजारातल्या क्राउन-पिनियनच्या खोक्यात वेगळं माप दिलं असेल तर ते पाळा. पिनियन बेअरिंगचा प्रीलोड नव्या बेअरिंगला १६ ते २९ इंच-पाउंड, वापरलेल्याला ८ ते १४. इंच-पाउंड, फूट-पाउंड नव्हे, आणि ही गल्लत होते. क्राउनचे आणि बेअरिंग कॅपचे बोल्ट ७० ते ८५ फूट-पाउंड. कॅप काढण्याआधी डावा-उजवा आणि वर-खाली अशा पंचच्या खुणा करा. अदलाबदल झाली तर बोअर गोल राहत नाही.

पिनियनचा नट आवळताना आतली क्रश स्लीव्ह दबत जाते आणि प्रीलोड येतो. मापाच्या पुढे गेलात तर नट सैल करून चालत नाही, स्लीव्ह फेकून नवी घ्यावी लागते. जोरदार गाडीला सरळ सॉलिड स्पेसर घालावा: क्रश स्लीव्ह घावांनी आणखी दबते आणि प्रीलोड नाहीसा होतो. स्पेसरला शिम (मापाच्या पातळ चकत्या) बदलून-बदलून माप आणावं लागतं, तास-दोन तास जातात. जाऊ द्या.

मग पिवळी पेस्ट. क्राउनच्या चार-पाच दातांना दोन्ही बाजूंनी पातळ लावायची, पिनियनच्या योकला (कार्डन शाफ्ट जिथे जोडतात त्या टोकाला) चिंध्या गुंडाळून हाताने रोध द्यायचा आणि क्राउन मागे-पुढे फिरवायचा. दाताच्या मध्यावर लंबगोल ठसा आला पाहिजे. ठसा दाताच्या मुळाकडे गेला तर पिनियन खूप आत आहे, शिम कमी करा. शेंड्याकडे गेला तर शिम वाढवा. बॅकलॅश बदलायचा तर कॅरिअरच्या एका बाजूची शिम काढून तेवढीच दुसऱ्या बाजूला, ०.०१० इंचाची शिम इकडची तिकडे केली की बॅकलॅश साधारण ०.००७ ने बदलतो. बॅकलॅश अचूक पण ठसा वाईट असेल, तर ठशाचं ऐका.

योक १३३० चा असेल (हे युनिव्हर्सल जॉइंटच्या क्रॉसचं माप) तर १३५० चा करून घ्या. रुंदी तीच, पण क्रॉसचे कप जाड. कव्हर लावण्याआधी ब्रीदर (हाउसिंगमधली हवा सुटायचं छिद्र) साफ आहे का पाहा. तो तुंबला की तापलेली हवा तेल सीलमधून बाहेर ढकलते, आणि लोक सील बदलत बसतात.

पहिल्या दिवशी २५–३० किलोमीटर सौम्य चालवून गाडी पूर्ण गार होऊ द्यायची. ८०० किलोमीटरपर्यंत जोरदार सुटणं नाही, नंतर तेल बदला. त्या तेलात चांदीसारखी बारीक चकाकी असणार, ती घासून बसलेल्या दातांची. नखाने टोचेल असा तुकडा सापडला तर कव्हर परत लावू नका.

वापरलेला ट्रॅक्शन-लॉक घेत असाल तर विकणाऱ्यासमोरच एक चाक उचला, दुसरं जमिनीवर, गिअर न्यूट्रलमध्ये, आणि उचललेलं चाक टॉर्क रेंचने फिरवून पाहा. २० फूट-पाउंडच्या आत फिरू लागलं तर प्लेटा संपल्या आहेत. तेवढी किंमत कमी करून घ्या. शाफ्ट सोबत देत असेल तर स्प्लाइनवरून बोट फिरवा, पीळ डोळ्यांआधी बोटाला कळतो.